सोडली की काढली?

कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) महामंडळाच्या संकेतस्थळावर कारखानदाराला दर महिन्याला कामगारांची यादी भरावी लागते. नाव, विमा क्रमांक, भरलेले दिवस, पगार. एखाद्याचे दिवस शून्य असले की शेजारच्या रकान्यात कारणाचा आकडा टाकायचा. २ म्हणजे नोकरी सोडली. ९ म्हणजे संप किंवा टाळेबंदी. १० म्हणजे कामगारकपात. ११ म्हणजे काम नाही. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत किंवा बदलापूरच्या माणकिवलीत हा आकडा मालक सहसा स्वतः टाकत नाही. पाच-पंचवीस कंपन्यांचे पीएफ आणि ईएसआय सांभाळणाऱ्या एखाद्या सल्लागाराच्या ऑफिसातला मुलगा तो टाकतो, आणि त्याला पंधरा तारखेच्या आत चलन काढायचे असते. त्याच्या लेखी २ हा सगळ्यांत निरुपद्रवी आकडा. १० टाकला तर नोटीस दिली का, भरपाई दिली का, असे प्रश्न निघतात. २ टाकला की विषय मिटला.

कामगाराला याचा पत्ता लागतो तो बेकारी भत्त्याचा अर्ज अडकल्यावर. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला भत्ता नाही, असे योजनाच सांगते. आणि नोंद सांगते की याने सोडली. मग तो ईएसआयच्या शाखेत जाऊन सांगू लागतो: घरभाडे थकले, मुलीची फी भरायची आहे, बायको आजारी आहे. काउंटरपलीकडच्या माणसाला वाईट वाटतही असेल, पण त्याच्यासमोरच्या पडद्यावर यातले काहीच नसते. तिथे २ असतो. पुढे सुनावणीपर्यंत गोष्ट गेली तरी मुख्य प्रश्न तोच राहतो, नोकरी सोडली की काढली. तयारी करायची ती या एका प्रश्नाच्या उत्तराची. हाल किती झाले याची नव्हे.

आधी हा भत्ता आहे काय ते पाहू. भारतात सरसकट सगळ्यांसाठी बेकारी विमा नाही. ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात काही धंद्यांपुरता तो आणला, आणि त्याच वेळी भत्ता नाकारला गेलेल्यांसाठी पंचांची न्यायालयेही नेमली: एक अध्यक्ष, एक मालकांच्या बाजूचा, एक कामगारांच्या बाजूचा. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर राज्याराज्यांत बेकारी विमा आला. तिथे आज भत्ता नाकारला की ठरलेल्या थोड्या दिवसांत अपील करायचे आणि बऱ्याचदा फोनवरच सुनावणी द्यायची, अशी रीत आहे. या तिन्ही ठिकाणी वाद फिरतो तो एकाच खुंट्याभोवती. माणूस स्वतः गेला, गैरवर्तनामुळे गेला, की त्याचा काही दोष नसताना गेला?

आपल्याकडची मुळे वेगळी आहेत. दुसरे महायुद्ध चालू असताना अर्थतज्ज्ञ प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा सोपवला गेला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यावरून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात हे सगळे त्यात होते. बेकारी नव्हती. ती शिरायला २००५ साल उजाडले. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली: कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर भत्ता. सुरुवातीला पाच वर्षांच्या वर्गणीची अट आणि सहाच महिन्यांचा भत्ता होता. पुढे अट सैल झाली आणि मुदत वाढत २४ महिन्यांपर्यंत गेली. मग १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. कारखाना चालू आहे पण माझी नोकरी गेली, अशांसाठी ती आहे. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. दर आधी सरासरी कमाईच्या २५ टक्के होता. २०२० च्या कोरोना लॉकडाउनमध्ये तो ५० टक्के केला आणि अटीही ढिल्या केल्या. ही योजना मुदतीची आहे, ती वाढत वाढत आली आहे. म्हणून अर्ज करताना आज कोणता दर आणि कोणती तारीख लागू आहे हे शाखेतून लेखी विचारून घ्यावे.

या दोन योजनांची गल्लत हा पहिला मोठा तोटा. युनिट कायमचे बंद झाले असेल किंवा रीतसर कपात झाली असेल, तर ९० दिवसांच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही; आधी २४ महिन्यांच्या योजनेचा विचार करावा. पण नाक्यावरच्या सायबर कॅफेत 'बेकारी भत्त्याचा फॉर्म' म्हटले की सगळ्यांना एकच अटल योजनेचा फॉर्म ठाऊक असतो. ज्या फॉर्मखाली सही केली, त्याच योजनेच्या अटी आपल्याला लावल्या जाणार.

आता आकडेमोड. अटल योजनेत चार वर्गणीकालावधींची, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई ७३० ने भागून रोजची सरासरी काढतात. महिना १८,००० पगारवाल्याचे दोन वर्षांचे ४,३२,००० होतात. रोजचे सुमारे ५९२. त्याचे निम्मे २९६. नव्वद दिवसांचे मिळून साधारण २६,६०० रुपये. वर्गणीकालावधी दोन असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी जाण्याआधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि सैल केलेल्या अटींनुसार त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीत आणखी ७८. मूळ योजनेत चारही कालावधींत प्रत्येकी ७८ लागायचे.

७८ हा आकडा वरवर सोपा वाटतो. महिन्याला २६ दिवस कामाचे धरले तर सहा महिन्यांत १५६ होतात, त्याचे निम्मे. पण आपल्या पट्ट्यात कॉन्ट्रॅक्टरचा 'ब्रेक' नावाचा प्रकार आहे. पाच-सहा महिने भरले की माणसाला पंधरा-वीस दिवस घरी बसवायचे, मग त्याच मशीनवर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने परत घ्यायचे. कधी तर माणूस मशीनवरून हलतही नाही, फक्त कागदावर हलतो. दुसरी खुबी म्हणजे काम २६ दिवस आणि वर्गणी १२ दिवसांची. १२ सहा वेळा घेतले की ७२ होतात. सहा दिवस कमी पडले, भत्ता गेला. म्हणून सुनावणीची तयारी म्हणजे आधी स्वतःच्या विमा क्रमांकावरून गेल्या दोन वर्षांच्या वर्गणीचा उतारा काढायचा आणि तो पगाराच्या बँक पासबुकाशेजारी ठेवून महिनावार ताडून पाहायचा. पीएफचे पासबुकही तिसऱ्या रांगेत ठेवावे. त्यात मालकाने नोकरी संपल्याची तारीख काय टाकली आहे तेही पाहावे. तिन्ही ठिकाणी तीन वेगळ्या तारखा असतील तर चिडू नका, खूश व्हा. मालकाच्या नोंदींवर विश्वास ठेवू नये, हे सांगणारा तोच सगळ्यांत चांगला पुरावा असतो.

भत्ता कोणाला नाही, तेही पाहू. स्वेच्छेने सोडणाऱ्याला नाही, निवृत्त झालेल्याला नाही, शिस्तभंगाच्या कारवाईत काढलेल्याला नाही, बेकायदा ठरलेल्या संपात असलेल्याला नाही. आणि टाळेबंदीत अडकलेल्याला नाही. हे शेवटचे वगळणे आपल्या भागात फार बोचते. शहाडपलीकडे मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ साली बंद झाली आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे लटकली. टाळेबंदी आणि कायमची बंदी यांतला फरक किती महाग पडू शकतो हे तिथल्या घरांना विचारावे. कायद्याच्या दृष्टीने टाळेबंदीत नोकरी संपलेली नसते, गेट तेवढे बंद असते. माझ्या मते हा नियम मालकाच्या हातात फारच सोयीचे हत्यार देतो. पण नियम आहे तोवर कामगाराने आपल्या कारखान्याच्या फाटकावर लावलेल्या नोटिशीचा फोटो काढून ठेवलाच पाहिजे. त्या कागदावर 'टाळेबंदी' लिहिले आहे की 'कायमचे बंद', यावर पुढचे सगळे ठरते. अंबरनाथला विम्को नाका अजून आहे, ज्यावरून ते नाव पडले तो काडेपेटीचा कारखाना नाही. कारखाना बंद पडला की दहा वर्षांनी नोटिशीची प्रत कोणाकडेच सापडत नाही.

सुनावणीच्या तारखेच्या कितीतरी आधी, फाटकावर अडवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, निम्मे प्रकरण ठरून जाते. वॉचमन सांगतो, 'तुझं कार्ड जमा कर, साहेबांना भेट.' साहेब सांगतात, 'या कागदावर सही कर, हिशेब घेऊन जा.' त्या कागदांत एक राजीनामा असतो, कधी तारखेशिवाय, कधी इंग्रजीत. दुसरा 'फुल अँड फायनल'चा. सही केली नाही तर चेक मिळत नाही. अशा वेळी सही करू नये असे पुस्तकात लिहिणे फार सोपे आहे. घरात गॅस संपलेला असताना ते जमत नाही. निदान एवढे करावे: पैशाच्या पावतीवर सही करताना सहीखाली मराठीत दोन ओळी लिहाव्यात, की रक्कम मिळाली, परंतु मी राजीनामा दिलेला नाही व माझे हक्क राखून ठेवत आहे. राजीनाम्याचा कागद मात्र हाताळू नये. आणि घेतली गेलीच सही, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र टाकावे: अमुक तारखेला मला कामावरून परत पाठवले, दबावाने सही घेतली, मी कामावर यायला तयार आहे. पाकीट न उघडता परत आले तर ते तसेच बंद ठेवावे. परत आलेले बंद पाकीट कोर्टात साध्या पत्रापेक्षा जास्त बोलते. सहा महिन्यांनी वकिलाने लिहिलेल्या पाच पानी नोटिशीपेक्षा दुसऱ्या दिवशीच्या चार ओळींचे वजन जास्त असते, कारण तेव्हा कामगाराला भत्त्याचे नियम ठाऊक नव्हते, हे न्यायाधीशालाही कळते.

पत्र कामगार खात्याच्या कल्याणच्या कार्यालयालाही द्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्यावा. इथे दुसरा रस्ता फुटतो: नोकरीवरून काढल्याचा वाद. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यावर ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामगाराला थेट कामगार न्यायालयात जाता येत असे, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अशा जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत ही मुदत दोन वर्षांवर आली आहे. 'बघू पुढं' म्हणणाऱ्याचे एक वर्ष कमी झाले.

भत्त्याचा आणि नोकरीचा, हे दोन वाद वेगळे आहेत, पण साक्षी-पुरावे बरेचसे एकच. यातच २६,६०० रुपयांसाठी इतका खटाटोप कशाला, याचेही उत्तर आहे. 'सोडली' ही नोंद खोटी ठरली तर तोच पुरावा कपातीच्या भरपाईसाठी वापरता येतो: प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. १८,००० पगार आणि बारा वर्षे नोकरी असेल तर वर्षाला ९,००० प्रमाणे १,०८,००० रुपये, शिवाय नोटिशीच्या बदल्यात एक महिन्याचा पगार. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या नव्या कौशल्यासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात पोचायचा, अशीही तरतूद आहे. रकान्यातल्या त्या एका आकड्यावर एवढे पैसे टांगलेले असतात.

मालकाचे ठरलेले उत्तर असते: 'तो कामावर यायचाच बंद झाला.' याला १९९३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने लगाम घातला आहे. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात कंपनीच्या स्थायी आदेशांत अशी तरतूद होती, की रजेशिवाय आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिला तर नोकरी आपोआप संपली. न्यायालय म्हणाले, आपोआप काही संपत नाही. त्या माणसाला विचारा, चौकशी करा, मग ठरवा. म्हणून सुनावणीत एक साधा प्रश्न मालकाच्या साक्षीदाराला विचारला गेलाच पाहिजे: तो येईनासा झाल्यावर तुम्ही त्याला बोलावणारे एक तरी पत्र पाठवले का? बहुतेक वेळा पाठवलेले नसते.

भत्त्याकडे परत. अर्ज ऑनलाइन भरून, त्याची छापील प्रत सही करून, आधार आणि बँकेच्या तपशिलासह शाखेत द्यायचा. पूर्वी मालकाच्या शिफारशीची अट होती. ज्याने काढले त्याच्याकडेच सही मागायला जायचे, असा तो अजब मामला होता. २०२० मध्ये ती काढून टाकली आणि शाखेने स्वतःच्या नोंदींवरून पडताळणी करावी असे ठरले. सुधारणा चांगली, पण तिची दुसरी बाजू अशी की आता कामगाराच्या शब्दापेक्षा पडद्यावरचा आकडा मोठा झाला. नकार तोंडी मिळाला तर तो नकार नव्हेच, असे समजावे. लेखी मागावा, कारणासह. मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून तीन गोष्टी मागाव्यात: माझ्या अर्जावरील टिपणी, माझी वर्गणी-नोंद, आणि मालकाने भरलेले नोकरी संपल्याचे कारण. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. दरम्यान ठाण्याच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. 'सुविधा समागम' नावाच्या तक्रार-बैठका दरमहा भरतात, त्यात नोंदीची दुरुस्ती मागता येते. चुकून टाकलेला आकडा असेल तर कधीकधी इथेच सुटतो. मालक हट्टाला पेटला असेल तर सुटत नाही, मग कर्मचारी विमा न्यायालय.

हे न्यायालय १९४८ च्या कायद्याच्या कलम ७४ खाली राज्य सरकार नेमत असे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते ठेवले आहे, कलमांचे क्रमांक बदलले. माणूस कर्मचारी होता का, त्याचा पगार किती, वर्गणी किती, लाभाचा हक्क आहे का, हे वाद याच न्यायालयाचे. दिवाणी कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. जुन्या कायद्यात अर्जाला तीन वर्षांची मुदत, आणि लाभाची मागणी ती देय झाल्यापासून बारा महिन्यांत केलेली असली पाहिजे. योग्य कारण दिले तर न्यायालय ती वाढवू शकते. कामगार ज्या भागात काम करत होता तिथले न्यायालय धरायचे. आता नोकरी गेल्यावर गावी, जळगावला किंवा जौनपूरला, परतला असला तरी.

अर्ज लिहिताना एक खाच आहे. महामंडळाचा वकील पहिला आक्षेप असा घेऊ शकतो की भत्ता ही योजना आहे, कायद्यातला लाभ नव्हे. म्हणून अर्जात केवळ 'मला ९० दिवसांचा भत्ता द्या' असे मागू नये. आधी मागावे: माझे वर्गणीचे दिवस चुकीचे दाखवले आहेत ते दुरुस्त करा, माझी नोकरी अमुक तारखेला मालकाने संपवली असे ठरवा, आणि त्यावरून भत्ता द्या. वर्गणीचा वाद तर निर्विवादपणे या न्यायालयाचा आहे. महामंडळाबरोबर मालकालाही प्रतिवादी करावे, ठेकेदार असेल तर मूळ कंपनीलाही. कारण वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर टाकली आहे. ठेकेदाराकडून ती वसूल करणे हा त्याचा प्रश्न.

वकिलाचे काय? इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदतीला पात्र असणाऱ्यांत औद्योगिक कामगार स्वतंत्रपणे लिहिलेला आहे, त्याच्या उत्पन्नाची अट न घालता. स्त्रियांनाही तसाच हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा, वकील सरकार देते. विमा न्यायालयात नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही लेखी अधिकारपत्रावर उभा राहू शकतो. अनुभवी युनियनवाला कधीकधी नवख्या वकिलापेक्षा बरा, कारण त्याला हजेरीपत्रक वाचता येते.

आता सिद्ध कोणी करायचे? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या वनखात्याच्या एका प्रकरणात सांगितले, की वर्षात २४० दिवस काम केले हे कामगारानेच सिद्ध करायचे, आणि नुसते स्वतःचे शपथपत्र पुरत नाही. हा निवाडा मालकांचे वकील अजून दाखवतात. पण २००५ साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात त्याला माणुसकीची जोड दिली: रोजंदारीवाल्याकडे नेमणूकपत्र नसते, पगारपावती नसते, तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, आपल्या बाजूने सांगितले, मालकाकडून हजेरीपट मागितले आणि मालकाने ते दडवले, तर त्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो. व्यवहारात याचा अर्थ असा, की कामगाराने कागद आणायचे तेवढेच कागद मागायचेही. हजेरीपट, पगारपत्रक, गेटचे आवक-जावक रजिस्टर, ठेकेदाराची बिले, आणि ईएसआयला भरलेली मासिक माहिती, या सगळ्यांची यादी करून ते हजर करण्याचा अर्ज पहिल्या तारखांमध्येच द्यावा. तो अर्ज दिला नसेल तर २००५ चा निवाडा उपयोगाचा नाही. मागितलेच नाही, तर दडवले असे कसे म्हणणार?

उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांची स्थिती याहून अवघड आहे. कॅम्प पाचमधल्या शिलाई आणि वॉशिंगच्या गाळ्यांत माणसाची ओळख अनेकदा टोपणनाव आणि मोबाइल नंबर एवढीच. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून वॉशिंगचे गाळे बंद झाले तेव्हा कित्येकांची नावे कुठल्याच रजिस्टरात नव्हती. मालकाने नोंदच केली नाही, वर्गणी भरलीच नाही, तर हक्क बुडतो का? भारगथ इंजिनिअरिंग प्रकरणात कामगार अपघातात गेला तेव्हा त्याची नोंदणीही झालेली नव्हती. तरी तो कायद्याने विमाधारकच, मालकाची चूक त्याच्या माथी मारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. जुन्या कायद्याच्या कलम ६८ मध्ये महामंडळाने लाभ द्यावा आणि मालकाकडून वसूल करावा, अशी वाटही होती. मात्र त्याआधी 'मी तिथे कामाला होतो' एवढे तरी दाखवावे लागते. यूपीआयने आलेला आठवड्याचा पगार, 'उद्या सकाळी आठला ये' हा मालकाचा व्हॉट्सअॅप, कामाच्या ग्रुपमधला फोटो, टेम्पोच्या चलनावरची सही, हे सगळे चालते. फोन बदलू नका, चॅट उडवू नका, आणि नुसता स्क्रीनशॉट देऊन थांबू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते. कामगारविषयक न्यायालये पुराव्याच्या नियमांबाबत थोडी सैल असतात, पण समोरच्या वकिलाला आयते भांडण कशाला द्यायचे?

साक्षीदार सहकारी असेल तर तो अजून तिथेच कामाला आहे का, हे आधी विचारावे. त्याची नोकरी घालवून आपला भत्ता मिळवू नये. गेल्या वर्षी नोकरी सोडलेला, गेटसमोरचा चहावाला, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर हे बरे.

साक्षीचा दिवस. शपथपत्र मराठीत करता येते आणि करावेच. टायपिस्टने इंग्रजीत ठोकलेल्या, स्वतःला न समजलेल्या शपथपत्रावर उलटतपास झाला की चांगली प्रकरणे कोसळतात. 'परिच्छेद सात वाचून सांगा,' म्हटल्यावर माणूस गप्प उभा राहतो. शपथपत्र तारखांच्या क्रमाने असावे: कधी लागलो, कोणत्या खात्यात, कोण सुपरवायझर, पगार कसा मिळायचा, शेवटचा दिवस कोणता, त्या दिवशी कोण काय म्हणाले. विशेषणे नकोत. उलटतपासात तीनच गोष्टी विचारतात, हे जवळजवळ ठरलेले: ही सही तुमची का, तुम्ही पैसे घेतले का, आता काय करता? सही आपली असेल तर 'आपली' म्हणावे आणि ती कशी घेतली ते सांगावे. नाकारली तर हस्ताक्षरतज्ज्ञ येतो आणि खरा माणूस खोटा ठरतो. पैसे घेतले असतील तर 'घेतले' म्हणावे.

तिसरा प्रश्न जास्त घसरवतो. नोकरी गेल्यावर बदलापुरात कोणी रिक्षा चालवतो, कोणी वडापावच्या गाडीवर बसतो, कोणी भावाच्या दुकानात. घर चालवायचे तर हातपाय हलवावेच लागतात. पण भत्ता बेकारीचा आहे; त्या नव्वद दिवसांत दुसरी पगारी नोकरी धरली असेल तर ते सांगणे भाग आहे. लाभासाठी खोटे निवेदन केल्यास जुन्या कायद्याच्या कलम ८४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि या कलमाखाली दोषी ठरलेल्याला अटल योजना कायमची बंद. मागील पगाराच्या दाव्यातही हाच प्रश्न येतो. औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की काढलेल्या माणसाने 'मी दुसरीकडे पगारी कामाला नव्हतो' एवढे मांडावे. तो होता हे दाखवायचे ओझे मग मालकावर जाते. कामासाठी कुठे कुठे फिरलो याची वही ठेवली असेल तर त्या वाक्याला आधार मिळतो: कंपनीचे नाव, तारीख, कोणाला भेटलो. अमेरिकेत ही वही अनेक राज्यांत सक्तीची आहे. आपल्याकडे कोणी मागत नाही, म्हणून ज्याच्याकडे असते तो उठून दिसतो.

बाकी गोष्टी व्यवहाराच्या. मूळ कागद कोर्टात दाखवायचे, द्यायच्या त्या प्रती. तीन संच करावेत, एक न्यायालयाला, एक समोरच्याला, एक आपल्याला. पुकारा होताना आपण कॅन्टीनमध्ये असलो तर अर्ज गैरहजेरीत निकाली निघू शकतो. ठाण्याला जायचे तर बदलापूरहून सकाळची लोकल भरलेली असते, मेगाब्लॉक रविवारी असला तरी बिघाड कुठल्याही वारी होतो. एक गाडी आधीची धरावी. तारीख पडली तर पुढची तारीख वकिलाच्या तोंडून नव्हे, रोजनाम्यातून लिहून घ्यावी.

मधेच मालकाकडून तडजोडीचा निरोप येतो, बहुधा त्याच्या साक्षीदाराची वेळ जवळ आली की. तडजोड वाईट नाही. रक्कम ठरवण्याआधी मात्र एक अट घालावी: ईएसआयच्या नोंदीतले कारण मालक लेखी दुरुस्त करून देईल. पैसे घेऊन २ तसाच ठेवला तर भत्ता गेलाच. निकाल विरुद्ध लागला तर उच्च न्यायालयात अपील ६० दिवसांत, तेही कायद्याचा ठोस प्रश्न असेल तरच. म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्यावा, आणि प्रत हातात येताच न्यायाधीशांनी 'सोडली की काढली' या मुद्द्यावर कोणत्या कागदाला धरून काय लिहिले आहे, तेवढेच पान आधी वाचावे.